शब्दवेध : लेसर

‘लेसर’ ही मुळात इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी. अर्थ : उत्तेजित उत्सर्जनाने साधलेले प्रकाशाचे वर्धन. गॉर्डन गूल्ड यांनी १९५७ साली वहीत टिपलेल्या या शब्दात शस्त्राचा मागमूसही नव्हता. पुढे १९९५च्या व्हिएन्ना प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानेही सरसकट लेसरवर बंदी घातली नाही. कायमचे आंधळे करण्यासाठी खास घडवलेल्या लेसर शस्त्रांवर घातली. भारतही तिला बांधील आहे. गोळीने जीव घेतलेला चालतो, मग डोळ्यांचीच एवढी काळजी का, असा आक्षेप घेतला जातो. पण शत्रूसैनिकाला लढाईतून बाद करणे एवढीच युद्धाची गरज. जन्मभराचे अंधत्व हा त्यापलीकडचा छळ आहे. ड्रोन पाडणारे आणि तात्पुरते दिपवणारे लेसर मात्र बंदीबाहेर आहेत. उद्याची सूक्ष्मलहरींची किंवा ध्वनीची शस्त्रेही नावावरून नव्हे, माणसावरील परिणामावरूनच तपासली पाहिजेत.