झाडीपट्टीचा प्रेक्षक व त्याचा निर्वाळा

भवभूतीचें नांव निघालें कीं आमच्या विद्वान मंडळीस त्याची एक तक्रार हटकून आठवते. आपली अवज्ञा करणाऱ्यांस उद्देशून 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत त्यानें जे उद्गार काढले आहेत, ते संस्कृताचा नुकताच ओनामा गिरविलेल्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतात; आणि ज्याचें पुस्तक खपत नाहीं असा प्रत्येक ग्रंथकार त्यांच्या आधारानें काळाच्या अनंतत्वावर व पृथ्वीच्या विस्तारावर भरंवसा टाकून स्वस्थ बसतो. परंतु याच कवीविषयींची दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. त्याचीं तिन्ही नाटकें कालप्रियानाथाच्या यात्रेंत प्रयोग व्हावा म्हणून रचलेलीं आहेत, असें त्यांच्या प्रस्तावनांवरूनच दिसतें. सूत्रधार तेथें आर्यमिश्रांस संबोधितो हें खरें; तथापि यात्रा ती यात्रा. पुढें चार पंडित बसले असतील, तर त्यांच्या मागें देवदर्शनास आलेला समुदायही असणारच. आणि ज्याच्या नाटकाविषयीं कोणी बरें-वाईट बोललेंच नाहीं, त्यास इतका राग येण्याचें कांहीं कारण नाहीं. भवभूतीच्या काळचा प्रेक्षक मुका नव्हता, एवढें त्या तक्रारीवरून निश्चित ठरतें.

हा कवि विदर्भांतील पद्मपुरचा. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हें पद्मपुर म्हणजे आमगांवनजीकचें पदमपूर, असें प्रतिपादन केलें आहे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तोंपर्यंत आमगांव भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. हा स्थलनिर्णय कोणास मान्य होवो वा न होवो, ज्या मुलुखाकडे तो बोट दाखवितो त्या मुलुखांत जत्रेच्या समुदायापुढें नाटक करण्याची चाल आजही जिवंत आहे, आणि तेथील सामान्य प्रेक्षक आपलें मत कोणाची भीड न धरतां देत असतो. त्या मताविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

वैनगंगेच्या दोहों बाजूंस पसरलेल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली व पूर्व चंद्रपूर या भागास झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. हा प्रदेश तळ्यांचा व धानाचा. दिवाळी झाली, धान घरांत येऊं लागलें, कीं गांवोगांव मंडई भरूं लागते. प्रत्येक गांवाचा दिवस ठरलेला. त्या दिवशीं सासरीं गेलेल्या मुली माहेरीं येतात, पाहुण्यांनीं घरें भरतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार अथवा खडी गंमत होते आणि रात्रीं नाटक. पुढें शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू झाल्या कीं नाटकांचा हंगाम भरास येतो, तो होळीच्या सुमारास उतरतो. दंडार व गंमत हे प्रकार नाटकाहून जुने. त्यांत पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचत आले. शाहीर ढोलकीच्या साथीवर कवन म्हणतो आणि लोक सभोंवतीं वेढून बसतात. पडदा नाहीं, तिकीट नाहीं. न आवडल्यास उठून जाण्याला दार शोधावें लागत नाहीं. नाटक आलें तेव्हां त्याच्याबरोबर पडदे, मंडप व तिकीट आलें. पण बसणारा मनुष्य तोच राहिला, आणि त्याची उठून जाण्याची मोकळीकही तीच राहिली.

व्यवहार असा असतो. गांवांतलें एखादें मंडळ नाटक-कंपनीस ठराविक रक्कम देऊन प्रयोग ठरवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें. नफा झाला तर मंडळाचा. तोटा आला तर तोही मंडळाचाच. नाटक रात्रीं दहाच्या पुढें सुरू होतें आणि उजाडेपर्यंत चालतें. हार्मोनियम व तबला रंगमंचापाशीं हजर असतात, कारण पदें नटानें स्वतः म्हणावयाचीं असतात. मोठ्या पटाच्या गांवीं एकाच रात्रीं दोनतीन मंडप उभे राहतात. तेव्हां एका मंडपांत कंटाळलेल्या मनुष्यास दुसऱ्या मंडपांतील टाळ्या ऐकूं येतात. नाटककारास याहून कठीण परीक्षा कोणत्या विद्यापीठानें घेतली आहे? शिवाय नटांपैकीं पुष्कळ जण शेतकरी, मजूर नाहीं तर शिक्षक. कोणी शेजारच्याच गांवचा, कोणी पाहुण्यांतला. पुण्यामुंबईचा प्रेक्षक अनोळखी नटास नांवें ठेवितो, त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. येथें मात्र, 'भाऊ, तुमचं काम काल बसलं नाहीं,' हें ज्यास सांगावयाचें, तोच उद्यां बांधावर भेटणार असतो. तरीही तें सांगितलें जातें. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटास २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचा लौकिक दिल्लीस पोंचण्यापूर्वीं कित्येक वर्षें गांवोगांवच्या मंडपांत ठरून गेला होता.

सामान्य माणसाच्या अशा मताला शास्त्रांत स्थान आहे काय, असें कोणी विचारील. आहे, आणि तें मानाचें आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयीं, म्हणजे यशाविषयीं आहे. तेथें दोन प्रकारच्या सिद्धि सांगितल्या आहेत. मानुषी सिद्धि प्रेक्षकांच्या वाणीवरून व शरीरावरून ओळखावयाची: हंसूं, शाबासकी, हळहळ, अंगावरील रोमांच, बसल्या जागेवरून उठणें, आणि नटाकडे वस्त्रें व आंगठ्या फेंकणें. दैवी सिद्धि याहून वेगळी. तीत गलका नाहीं, गडबड नाहीं. मंडप मात्र गच्च भरलेला. त्याच अध्यायांत भरतमुनि हेंही मान्य करितात कीं सगळे गुण एकाच प्रेक्षकांत सांपडत नाहींत. तरुणास एक रुचतें, विरक्तास दुसरें, शूरास तिसरें. आणि खरा प्रेक्षक कोण, तर जो पात्राच्या आनंदानें आनंदतो व शोकानें दुःखी होतो. ही पात्रता मिळविण्यास पदवी लागत नाहीं.

झाडीच्या मंडपांत यांतलें बहुतेक सर्व पाहावयास मिळतें. वस्त्रांची व आंगठ्यांची जागा रोख बक्षिसानें घेतली आहे. देणाराचें नांव रंगमंचावरून पुकारलें जातें. आम्हांस विचाराल तर या खुणेवर आमचा विश्वास सर्वांत कमी आहे. जेथें नांव पुकारलें जातें तेथें नाटकाचें कौतुक किती आणि देणाराचें किती, हें निवडणें अवघड. शिट्ट्या व आरोळ्या बक्षिसाहून प्रामाणिक खऱ्या, पण त्या पुढच्या चार रांगांच्या. मागें घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याचें किंवा मूल मांडीवर घेतलेल्या बाईचें मत त्यांत येत नाहीं. त्यांचें मत एकच, आणि तें म्हणजे बसून राहणें. पौषाची थंडी, दुसऱ्या दिवशीं शेताचें काम, घरीं पाहुणे. असें असतां जो पहाटेच्या शेवटच्या प्रवेशापर्यंत उठत नाहीं, त्यानें नाटकास जो निर्वाळा दिला त्याहून मोठा निर्वाळा आम्हांस ठाऊक नाहीं. भरतमुनींनीं ज्या गलक्याविना भरलेल्या मंडपाला दैवी म्हटलें, तो हाच.

आतां आमच्या शहरी परंपरेकडे पाहावें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि मराठी प्रेक्षकास एक नवें हत्यार मिळालें, तें 'वन्समोअर'चें. गाण्याविषयींचें इतकें तत्काळ व इतकें उघड मत दुसऱ्या कोणत्या कलेंत क्वचितच दिलें जातें. त्यानें गायक नट मोठे झाले, यांत शंका नाहीं. पण कित्येकदां पदापुढें नाटक उपाशी राहिलें, यांतही नाहीं. छापील मताची वाट त्याच्या आधींच पडली होती. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ सालीं निघालें, 'निबंधमाला' १८७४ सालीं. आणि ग्रंथाचे गुणदोष चारचौघांत मांडणें हें शिष्टाचारास सोडून नाहीं, हें लोकांस पटलें. हा उपकार मोठा आहे. परंतु लिहिणारे आम्ही पदवीधर. आमच्या हातीं ग्रीक व इंग्रजी गज होता, आणि त्या गजानें मोजतां येईल तेंच कापड आम्ही मोजीत गेलों. बोलपटांच्या बाबतींतही सामान्य प्रेक्षकाचा कौल कमी मोलाचा ठरला नाहीं. १९३६ सालीं प्रभातचा 'संत तुकाराम' आला. त्याची वाखाणणी व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं झाली. पण मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला, तो तिकीट काढून पुन्हां पुन्हां येणाऱ्या माणसांमुळें.

झाडीपट्टीच्या नाटकाविषयीं मात्र छापील टीका फार थोडी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा व दंडारीचा अभ्यास करून जें काम उभें केलें, तशा कामाचे अपवाद वगळले, तर नागपूरच्या पलीकडील टीकाकारांस ही रंगभूमि दिसली ती कौतुकाची किंवा गंमतीची वस्तु म्हणून. 'झॉलीवूड' हें तिचें थट्टेखोर नांव २०२२ सालीं चित्रपटाचें नांवही होऊन गेलें. पुष्कळ संहिता छापल्या जात नाहींत. आणि संहिता छापली न गेली तरी प्रेक्षक त्याविषयीं काय म्हणाला हें कोणीं टिपून ठेवावें, असा विचारही आमच्या विद्यापीठांत फारसा होत नाहीं. सकाळीं विहिरीवर, खळ्यावर, एस. टी. च्या थांब्यावर जी चर्चा होते, ती दुपारपर्यंत विरून जाते.

याचा परिणाम आतां दिसूं लागला आहे. नाटकाच्या मध्येंच नाच घालण्याची रीत वाढली. निर्मात्यास विचारावें तर तो म्हणतो, लोकांसच हवें. कोणत्या लोकांस? शिट्टी वाजविणाराचें मत त्याला ऐकूं येतें. निजलेलें मूल खांद्यावर घेऊन मध्यरात्रीं मुकाट घराकडे वळलेल्या बाईचें ऐकूं येत नाहीं. दोघांनींही तिकीट काढलेलें असतें. नाच असूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. दंडारींतही नाच होताच. परंतु तेथें तो आख्यानाच्या पोटांतून निघत असे. येथें आख्यान थांबवून तो येतो, आणि तो संपल्यावर थांबलेलें आख्यान पुन्हां चालूं होण्यास वेळ लागतो. त्या वेळांत जे उठतात ते पुष्कळदां परत बसत नाहींत.

संकटें या रंगभूमीवर याहून मोठीं येऊन गेलीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या; तेव्हां पटाबरोबर नाटकही जाईल अशी भीति होती. पट गेला तरी नाटकें राहिलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २०२० च्या साथींत मंडप पडून राहिले. पुढें साथ ओसरली, २०२१ च्या डिसेंबरांत शर्यतींसही परवानगी मिळाली, आणि हंगाम पुन्हां उभा राहिला. गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथें नाटक-कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. हंगामापूर्वीं भंडाऱ्याकडील गांवांचीं मंडळेंही नाटक ठरविण्यास तेथें जातात. जाहिरातींतले रंगीत चेहरे पाहतात, नट कोण ते विचारतात, रकमेची घासाघीस करितात. त्यांतला एखादा जुना माणूस मात्र अगोदरच शेजारच्या गांवाहून चौकशी करून आलेला असतो, आणि त्यानें तेथें एवढेंच विचारलेलें असतें, कीं गेल्या वर्षीं ह्यांचें नाटक लागलें तेव्हां शेवटच्या अंकाला बायका बसल्या होत्या काय.