अळू लावण्याआधी माती पारखा

आपल्या नवागाम-डिंडोली भागातली अनेक मराठी घरं मूळची धुळे, नंदुरबार, जळगावकडची. इथे पातऱ्यासाठी अळूच्या पानांना असलेली मागणी पाहून गावच्या शेतात अळू लावण्याचा विचार बरेच सभासद बोलून दाखवतात. पण सुरतेत वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याकडे जवळपास निम्माच. पाण्याची सोय सगळे बघतात; माती कोणी बघत नाही, आणि लागवड तिथेच फसते.

अळूला भुसभुशीत, भरपूर शेणखताची, किंचित आम्ल माती मानवते, सामू ५.५ ते ६.५. खान्देशातल्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि तिच्यात चुनखडी असते. ही माती ओल धरते हा मोठा गुण, पण सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. चुनखडीमुळे पिकाला लोह मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी युरिया टाकू नये. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी होतात.

घरच्या घरी दोन गोष्टी कळतात. कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकावं. फसफसलं तर चुना आहे. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसरं पाणी तासाभरात गेलं तर जमीन हलकी, उन्हाळ्यात पाणी पुरवता पुरवता दमछाक होईल. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर निचरा नाही. अळूला चिखल चालतो, कुबट पाणी नाही.

जमिनीवर पांढरी पापडी दिसली तर क्षार आहेत. तिथे अळू नकोच. बोअरचं पाणीही तपासून घ्यावं.

खरा निकाल प्रयोगशाळेचाच. शेतात आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती काढावी, मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवावी. बांध, उकिरडा, झाडाखालची माती घेऊ नये. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद मिळते. त्यात सामू आणि क्षारता आधी वाचा.

सामू ८ च्या वर आला तर एकरभर लागवडीत पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाटाच्या कडेला किंवा केळीच्या सावलीत शेणखत भरलेल्या खड्ड्यांत दहा-वीस कंद लावून पाहावेत. नवागामात अंगण नसेल तर ड्रम पुरतो. कारखान्याच्या नाल्याचं पाणी मात्र त्याला कधीही घालू नये. मातीचा नमुना रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्येच द्यावा, म्हणजे पावसाआधी निकाल हातात येतो.