माळ्यावरचा डफ

परवा आमच्या घरात दोन मेलेल्या माणसांवरून हातघाईची वेळ आली. दोघेही अमेरिकेतले. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो आणि आमच्या संगमनेर शाखेत त्यांचे खातेही नव्हते. तरी त्यांच्यापायी माझा चहा सांडला, म्हणून ही हकीगत.

चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांचे एक मित्र आले होते. वाद चालला होता टुपॅक शकूर मोठा की नोटोरियस बी. आय. जी. मोठा. आधी मला वाटले, औषधांची नावे असावीत. मग कळले की हे १९९० च्या दशकातले दोन रॅपर. एक पश्चिम किनाऱ्याचा, दुसरा पूर्व किनाऱ्याचा. आधी दोस्त, पुढे हाडवैर. पहिल्यावर १९९६ च्या सप्टेंबरात गोळ्या झाडल्या गेल्या, तो पंचविशीत गेला. दुसरा सहा महिन्यांनी, १९९७ च्या मार्चमध्ये, चोविशीत. आता त्यांच्या पश्चात कोणाची लोकप्रियता जास्त आणि कोणाचा वारसा टिकाऊ, याचा निकाल आमच्या दिवाणखान्यात लागायचा होता.

मी पडलो कारकून. वारसा म्हटले की मला वारस दाखला आठवतो. मी विचारले, "पण हे रॅप म्हणजे करायचं काय?"

"बाबा, ताल धरायचा, त्यावर यमक जुळवत बोलायचं. आणि समोरच्याची जिरवायची."

"अरे, मग हे डफावरचं कवनच की! आपल्याकडे होतं हे."

"काहीतरीच! हे नाइन्टीजचं आहे, बाबा."

"आमचंही नाइन्टीजचंच. फक्त सतराशे नव्वदचं."

मित्राला हसू आले. त्याचा धक्का टीपॉयला लागला आणि चहा सांडला.

एवढ्यावर मी विषय सोडला असता. पण रात्री हिने खरी गोष्ट सांगितली. चिरंजीव कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रॅप करणार होते. "अकरावीचं वर्ष आहे, तुम्ही बाप आहात, काहीतरी बोला त्याला," असा हुकूम सुटला. आमच्या घरात बाप या पदाची आठवण अशाच वेळी होते.

बोलायचे तर तयारी हवी. म्हणून मी आमच्या नव्वदीचा हिशेब मांडायला बसलो.

तो काळ पेशवाईच्या उतरणीचा, पण उतरणीवरही दिवे चांगले लागलेले. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीसांचा, आणि गावोगाव डफ-तुणतुण्याचे फड. कलगीवाले शक्तीला मोठी म्हणत, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर बसत. एकाने पुराणातले कोडे कवनात घालायचे, दुसऱ्याने कवनातच सोडवायचे. रात्र सरे, पण सवाल सरत नसत. हरणाऱ्याचा डफ जिंकणारा घेऊन जाई, असे सांगतात. म्हणजे बँकेच्या भाषेत सरळ जप्ती. पण जप्ती डफाची, जिवाची नव्हे. हा फरक मी चिरंजीवांसाठी वहीत वेगळा लिहून ठेवला.

आता त्या काळचे मस्टर पाहा. राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. होनाजी पुण्याचा गवळी. त्याचा जोडीदार बाळा करंजकर जातीने शिंपी. कवन होनाजीने रचायचे, गळा बाळाने लावायचा. परशराम सिन्नरजवळच्या वावीचा, तोही शिंपी. सगनभाऊ मुसलमान, हत्यारांना धार लावणारा शिकलगार. पुण्यात त्याची आणि होनाजीची चुरस चाले. आणि आमचा अनंत फंदी, जन्म १७४४, गाव संगमनेर, मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची दोस्ती, म्हणून घोलपांच्या अनंताला लोक फंदी म्हणू लागले, असे सांगतात. सोबतीने आडनाव बदलते हे आमच्या वडिलांचे भय अगदीच निराधार नव्हते.

शाखेत मी हा विषय जेवणाच्या सुट्टीत काढला आणि पस्तावलो. आमचे हेड कॅशियर सोलापूरचे. डबा उघडायच्या आत ते म्हणाले, "फंदी ठीक आहे हो, पण राम जोशी तो राम जोशी!"

मग त्यांनी राम जोश्याचे खाते उघडले. थोरला भाऊ मुद्गल कीर्तन-पुराण सांगणारा, आणि हा धाकटा तमाशाच्या नादी लागलेला. भावाने घराबाहेर काढला. गडी पंढरपूरला जाऊन शास्त्र शिकला, संस्कृतातही लावणी रचू लागला. बारामतीचे मोरोपंत म्हणजे पंडितांचे पंडित. पण याच्या रचनेवर तेही खूश झाले. आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून घरोघर पोचवल्या त्या याच तमासगिराने.

"आणि मुख्य म्हणजे," भाकरीचा तुकडा रोखून कॅशियर म्हणाले, "तुमच्या फंदीवर पिक्चर कुठाय?"

हा घाव वर्मी बसला. १९४७ साली शांतारामबापूंच्या राजकमलने 'लोकशाहीर रामजोशी' काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. महाराष्ट्र वेडा झाला. पाठोपाठ १९५१ साली होनाजीवर 'अमर भूपाळी'. दोन्हींना संगीत वसंत देसायांचे. सोलापूरला पिक्चर, पुण्याला पिक्चर, आणि संगमनेरला काय? एस. टी. स्टँड.

मी म्हणालो, "अहो, पण त्या पिक्चरमधली कितीतरी गाणी गदिमांची आहेत. लोक ती राम जोश्याच्या नावावर जमा करतात. ही चुकीची एंट्री झाली."

"जमा झालं ना? मग नाव कोणाचंही असो," कॅशियर म्हणाले. कॅश काउंटरवर त्यांनी हे सांगितले असते तर मी तक्रार केली असती.

संध्याकाळी घरी येऊन मी फंदीची बाजू पक्की करायला बसलो. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की, अहिल्याबाई होळकरांनी त्याला बोलावून सुनावले : ब्राह्मणाच्या पोटी जन्म, आणि हातात डफ शोभतो का? फंदीने डफ तिथल्या तिथे फोडला आणि तो कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्याच्या, जामखेडकडच्या चौंडीच्या. संगमनेर आणि चौंडी ही जिल्ह्याची दोन टोके, आणि जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. म्हणजे जिने डफ सोडायला सांगितला तिच्या नावाच्या जिल्ह्यात, ज्याने तो फोडला त्याचे गाव! आख्यायिका खरी असेल तर सव्वादोनशे वर्षांनी का होईना, दोघांचा पत्ता एक झाला.

पण तारखा जुळवणे हा आमचा धंदा. अहिल्याबाई वारल्या १७९५ च्या ऑगस्टात. त्याच वर्षी ११ मार्चला खर्ड्याची लढाई झाली. हे खर्डेही जामखेड तालुक्यातच. निजामाने तिथल्या किल्ल्याचा आसरा घेतला, पण शेवटी त्याला मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. म्हणजे डफ फुटला असेल तर पोवाडा झाल्यावर, मार्च ते ऑगस्ट या पाच महिन्यांत. नाहीतर आधी फुटला आणि पुन्हा नवा आला. पुढे बघावे तर त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, त्यावर याचे काव्य आहेच. अहिल्याबाईंच्या माघारी वर आलेल्या यशवंतराव होळकरांवरही याचा पोवाडा आहे. खातेदाराने खाते बंद करण्याचा अर्ज दिला आहे आणि त्यानंतरही खात्यात भरणा चालूच आहे, असा हा प्रकार. आमच्याकडे असे आढळले की चौकशी लागते. इतिहासात त्याला प्रतिभा म्हणतात.

आणि स्पर्धकांचे म्हणाल तर होनाजीने स्वतःच्या कवनात फंदीची तोंडभरून स्तुती केली आहे, हा माणूस जिंकला जायचा नाही अशा अर्थाची. ज्या धंद्यात समोरच्याची जिरवून पोट भरायचे, त्या धंद्यात हे लिहून देणे सोपे नव्हते. चिरंजीवांच्या दोन्ही शाहिरांना एवढे वय तरी मिळायला हवे होते. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेले. आमच्या भाषेत बँकेचे विलीनीकरण झाले. फंदी १८१९ साली गेला. होनाजीने मात्र १८४४ पर्यंत नव्या मालकाचे राज्य पाहिले. पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी उरले. १८९१ साली अॅकवर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते जमवून छापले. नाहीतर ही सगळी बेवारस ठेव बुडीत गेली असती.

पण फंदीचा मोठा वारसा पोवाड्यात नाही. तो फटक्यात आहे. हा प्रकारच त्याच्या नावावर सांगतात. मळलेली वाट सोडू नकोस, संसारात नीट राहा, असे बजावणारा त्याचा एक फटका मराठी माणसाला पाठ असतो, कवीचे नाव माहीत नसले तरी. मलाही होता. कारण आमचे अण्णा तो मला म्हणून दाखवीत.

आता इथे एक खाजगी नोंद. १९९९ साली मी नगरला बी. कॉम. ला होतो आणि गॅदरिंगमध्ये डफ वाजवत असे. बरा वाजवत असे, असे इतर म्हणत. शाहिरी पथकात ये, म्हणून एकाने निरोपही पाठवला होता. अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांनी रागावले नाही, हात उगारला नाही. फक्त तो फटका पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म पुढे केला. मी फॉर्म भरला. डफ फोडला नाही, तेवढी हिंमत नव्हती. माळ्यावर ठेवला. अण्णा गेले, मी संगमनेरला बदलून आलो, डफ सामानाबरोबर आला आणि पुन्हा माळ्यावरच गेला. नोकरीने मला घर दिले, भाकरी दिली, माझी तक्रार नाही. पण मळलेल्या वाटेचा तो फटका लिहिणारा माणूस स्वतः ब्राह्मणाची पोथी सोडून फकिराच्या दोस्तीत डफ वाजवत फिरला होता, हे अण्णांनी मला सांगितले नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. मला ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले, तेही मुलाला गप्प करायची तयारी करताना.

रविवारी मी चिरंजीवांना समोर बसवले. ही दारात उभी. मी घसा साफ केला आणि फटका म्हणायला लागलो. अण्णांचाच आवाज, अण्णांचीच लय. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आले की चिरंजीव टीपॉयवर बोटांनी ताल धरताहेत. तिसऱ्याला मीही धरला.

"बाबा, हे भारी बसतंय! कोणाचं आहे?"

"आपल्या गावचा माणूस. सतराशे नव्वदचा."

"आणि तो असा सरळ रस्त्याने गेला होता?"

"अजिबात नाही."

"मग दुसऱ्यांना कशाला सांगतो?"

"खड्डे कुठे आहेत ते त्या रस्त्याने गेलेल्यालाच माहीत असतं," मी म्हणालो. हे वाक्य मला बरे सुचले. अण्णांना सुचले असते तर माझे काय झाले असते कोण जाणे.

"मी त्याला थांबवा म्हटलं होतं," ही म्हणाली, "साथ करा नव्हतं म्हटलं!"

मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. डफाचे कडे शाबूत होते. चामडे उंदरांनी खाल्ले होते. निष्क्रिय खात्याचे असेच होते, मुद्दल राहते, बाकीचे कोणीतरी कुरतडून जाते.

सोमवारी तो मढवायला टाकला. गॅदरिंगला अजून तीन आठवडे आहेत. मढवणावळ मी घरखर्चाच्या वहीत 'शैक्षणिक साहित्य' या सदरात लिहिली आहे. हिने अजून वही तपासलेली नाही.