होनापासून अक्षरी रुपयांपर्यंत

इ.स. १८१८ पर्यंत मद्रास इलाख्याचा सरकारी हिशेब होन, फनम आणि काशू या तीन नाण्यांत चाले. ऐंशी काशूंचा एक फनम आणि बेचाळीस फनमांचा एक होन असा दफ्तरी दर असल्यामुळे, फोर्ट सेंट जॉर्जमधील कारकुनास बेरीज करताना उजवीकडील रकान्यात ऐंशीचा आणि मधल्या रकान्यात बेचाळिसाचा हातचा धरावा लागे.

हे दफ्तर मराठी माणसाला परके नव्हते. १७९९ च्या तहान्वये तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी तेथील कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तेव्हा त्यांची सालीना नेमणूक एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पंचमांश अशी ठरली. आणि इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांतील महसुली कचेऱ्यांत देशस्थ कारकुनांच्या हातून मराठीतूनच हिशेब लिहिला जाई.

१८१८ साली चांदीचा रुपया प्रमाण ठरला आणि शंभर होनांस साडेतीनशे रुपये हा दर मुक्रर झाला. त्या दराने फनमाच्या सोळा पै, म्हणजे एक आणा चार पै, आणि पाच काशूंची एक पै असा हिशेब तंतोतंत जुळे. दहा होन एकवीस फनमांची जुनी बाकी छत्तीस रुपये बारा आणे म्हणून नव्या वहीत उतरे.

परंतु केवळ आकड्यावर भिस्त ठेवणे व्यवहारात कधीच सुरक्षित मानले गेले नाही. हजार रुपयांची हुंडी लिहिताना सावकार तिचे निमे पाचशे व त्यांची दुप्पट असे शब्दांत नमूद करी, जेणेकरून एक शून्य वाढवून कोणी लबाडी करू धजणार नाही. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या अठराव्या कलमाने याच सावधगिरीला बळ दिले : आकडा आणि अक्षर यांत विसंगती आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हातच्याचे काम सुलभ झाले. तथापि रक्कम कागदावर उतरविण्याची जबाबदारी आज ज्या संगणकीय आज्ञावलीकडे आली आहे, तिला जुन्या कारकुनाचेच नियम शिकावे लागतात. दशांश अपूर्णांक यंत्राच्या द्विमान पद्धतीत पुष्कळदा अचूक बसत नसल्यामुळे रक्कम पैशांच्या पूर्णांकात साठवावी आणि छापतेवेळी तिचे रुपये करावेत, हे जाणते प्रोग्रामर सांगतात. स्वल्पविराम उजवीकडून प्रथम तीन आणि पुढे दोन-दोन अंकांनंतर यावा, म्हणजे १२,३४,५६७ हा आकडा बारा लाख म्हणून एका दृष्टिक्षेपात वाचता येतो. अक्षरी ओळ मात्र सर्वांत कठीण : एकोणऐंशी, एकोणनव्वद या क्रमावरून नियम बसविणारी आज्ञावली नव्व्याण्णवापाशी अडते. म्हणून मराठीसाठी शंभरापर्यंतच्या शब्दांची कोष्टकेच तयार ठेवावी लागतात.

अक्षरी ओळ ही पावतीवरील शोभा नव्हे. वाद उद्भवल्यास कायदा तिचाच शब्द मानतो. म्हणून मराठीत वा तमिळमध्ये बिले छापणारी आज्ञावली रचणाऱ्या प्रत्येकाने आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक काळजीने, ती ओळ तपासावी.