४ जानेवारी २०१० : बुर्ज खलिफाचे उद्घाटन

दुबईतील ८२८ मीटर उंचीच्या, जगातील सर्वांत उंच इमारतीचे ४ जानेवारी २०१० रोजी दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तोवर हा मान ५०८ मीटर उंचीच्या ‘तैपेई १०१’कडे होता. ‘बुर्ज दुबई’ हे मूळ नाव याच समारंभात बदलून संयुक्त अरब अमिरातीचे तत्कालीन अध्यक्ष आणि अबुधाबीचे शासक शेख खलिफा यांचे नाव इमारतीला देण्यात आले. महिनाभरापूर्वीच कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या दुबईला अबुधाबीने १० अब्ज डॉलरची मदत केली होती.

मोती आणि व्यापारावर जगणाऱ्या दुबई या किनारी गावाला १९६६ मध्ये तेल सापडले. पण साठा मर्यादित असल्याने बंदर, विमानसेवा, पर्यटन आणि बांधकामावर भर देण्यात आला. १९६८ मध्ये सुमारे ५९ हजार असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत १९ लाखांवर गेली.

बुर्जच्या पायाचे खोदकाम २००४ मध्ये सुरू झाले. वास्तुरचनाकार एड्रियन स्मिथ आणि अभियंता बिल बेकर यांनी मध्यवर्ती गाभ्याला तीन बाजूंनी आधार देणारी रचना केली. वर जाताना बदलत जाणाऱ्या आकारामुळे वाऱ्याचा जोर फुटतो. उन्हाळ्यात काँक्रीट बर्फ मिसळून रात्री ओतले जाई.

ही उंची उभी राहिली ती मुख्यतः दक्षिण आशियातून आलेल्या हजारो मजुरांच्या श्रमांवर. मार्च २००६ मध्ये त्यांनी तुटपुंज्या मजुरीविरुद्ध याच जागी आंदोलन केले होते. या इमारतीचे श्रेय सांगताना वास्तुकार आणि राज्यकर्त्यांच्या बरोबरीने त्यांचाही उल्लेख व्हायलाच हवा.