पुस्तकांसाठीं बांधलेलें घर

घर माणसांसाठीं बांधावें आणि उरल्यासुरल्या कोनाड्यांत पोथ्यापुस्तकें ठेवावीं, ही आपली जुनी रीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ती उलटी केली. न्यूयॉर्कला १९१३ ते १९१६ या काळांत पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले. १९१७ सालीं स्वदेशीं परततांना सामान वेगळ्या बोटीनें धाडलें. ती महायुद्धांत पाणतीर लागून बुडाली व त्यांतील ग्रंथ समुद्रास मिळाले.

पुन्हां जमविलेला संग्रह परळच्या चाळींत वाढूं लागला. दोन खोल्यांत माणसें आणि ग्रंथ एकत्र कसे नांदतात, हें मुंबईकरांस सांगावयास नको! अखेर १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ उभें राहिलें. नांव मगधाच्या प्राचीन राजधानीचें. तळमजल्यावर कुटुंब, वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कचेरी. मुंबईच्या पावसाळ्यांत ओल व वाळवी आधीं तळमजला गांठतात, हें ध्यानीं घेतां उत्तम जागा ग्रंथांस मिळाली असेंच म्हणावें लागेल.

ओढग्रस्तीचा संसार रेटलेल्या रमाबाईंना मात्र हें ऐसपैस घर फार दिवस लाभलें नाहीं. २७ मे १९३५ रोजीं तेथेंच त्या निवर्तल्या. पुढें १९४६ सालीं निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे बाबासाहेबांच्या संग्रहांतील पुष्कळ ग्रंथ गेले.