विजेची शीव

दिवाळीत आमच्या उमरगा तालुक्याच्या शिवेवर उभे राहावे, तर पलीकडे कर्नाटकातले दिवे लुकलुकताना दिसतात. उजेड दोहोंकडचा सारखाच. पण २०१३ सालापर्यंत त्या दोन दिव्यांची वीज एका ठेक्यात चालत नव्हती, असे सांगितले की वर्गातील मुले हसतात!

सप्टेंबर १९४८ मध्ये दिल्लीत वीजपुरवठ्याचा कायदा झाला, आणि त्याच महिन्यात आमचा मुलूख निजामाच्या अमलातून सुटला. प्रांतोप्रांती वीजमंडळे नेमावीत, हा त्या कायद्याचा बेत. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा विचार मजूरखाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी १९४३ सालीच मांडला होता. महाराष्ट्राचे मंडळ १९६० साली झाले. पुढे देशाचे वीजविभाग पडले : आम्ही पश्चिमेत, शेजारी दक्षिणेत.

वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. दोन जाळी थेट जोडायची, तर हेलकावे जुळलेच पाहिजेत. बैलांची पावले जुळली नाहीत तर जू मोडते. म्हणून भद्रावतीला वीज आधी एकदिश करीत, मग पुन्हा पालटून दक्षिणेला देत. केवढा द्राविडी प्राणायाम!

जोडण्यात भयही होतेच. जुलै २०१२ मध्ये उत्तर-पूर्वेची जोडलेली जाळी एकदमच कोसळली. सुमारे साठ कोटी लोक अंधारात गेले. पण तुटवड्यात एकट्याने काढलेले दिवस मला ठाऊक आहेत. भारनियमनात दहावीची मुले मी कंदिलाभोवती बसवली आहेत.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण देशाला जोडली गेली. त्या संध्याकाळी आमच्या घरचा दिवा नेहमीसारखाच जळत होता.